तळ्याची ओल

ते कधी पुढच्या दारानं आले नाहीत. सायकल मागच्या कुंपणाला टेकवायची, पँटच्या क्लिपा काढून खिशात टाकायच्या आणि कुणाला हाकही न मारता सरळ खुराड्यापाशी जाऊन उकिडवं बसायचं. मग केरसुणीची एक काडी उपसायची आणि कोंबड्यांनी जमिनीवर जे काही टाकलेलं असेल ते उलटून-पालटून बघायचं. आपण आजारी कोंबडी काखेत धरून शेजारी उभे. 'अण्णा, कालपासून काही खात नाही, मान टाकलीय, डोळे तर बघा...' असं सुरू केलं की त्यांचा हात वर व्हायचा.

"तोंड बघू नका. मागं बघा."

आमच्या उणकलच्या वस्तीत हे वाक्य इतकं रुळलं होतं की ते कोंबड्यांपुरतं राहिलं नव्हतं. निवडणुकीत कुणी हात जोडून हसत दारात आलं की तो वळायच्या आत शेजारची पोरं पुटपुटायची, तोंड बघू नका. एका मुलीच्या बापानं तर ठरत आलेल्या स्थळाच्या बाबतीत हा सल्ला मनावर घेतला आणि नवऱ्या मुलाच्या गावी गुपचूप चौकशी करून आला. स्थळ मोडलं. अण्णांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बघा की हो, मी कोंबडीचं सांगितलंवतं."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला आपण आयुष्यभर फक्त कामापुरतं बोलावलं आणि तो गेल्यावर कळलं की काम हे निमित्त होतं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. नाव मी मुद्दामच सांगत नाही. आपलं नाव कागदावर आलं की बदली होते अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि ती मोडणारी मी कोण?

डॉक्टर गाई-म्हशींचे. कोंबडी घेऊन कुणी दवाखान्यात गेलं तर डॉक्टर हसायचे आणि म्हणायचे, आता रस्साच करा. त्यामुळे कोंबड्या अण्णांच्या वाट्याला आल्या आणि त्यांनी त्या मनापासून घेतल्या. स्वतः मात्र अंडंसुद्धा खात नसत. कारण विचारलं तर म्हणायचे, "पेशंटला कोण खातंय?" छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली आणि धारवाड जिल्हा मुंबईकडून म्हैसूरकडे गेला, तेव्हा सरकारी नोकरांत इकडे राहायचं की तिकडे जायचं याचीच चर्चा होती. अण्णांच्या घरात मराठी, बाहेर कन्नड. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणे ते म्हणाले, "साहेब, कोंबड्या दोन्हीकडं सारख्याच हगत्यात. मी हितंच बरा."

जीभ अशी. माणसाची भीडभाड म्हणून नाही. एकदा एका वकिलांची बायको टोपलीत दोन पांढऱ्याशुभ्र कोंबड्या घेऊन टांग्यातून आली. अण्णांनी कोंबड्या पाहिल्या, त्यांच्याबरोबर आणलेलं पाण्याचं भांडं पाहिलं, आतून बोट फिरवलं आणि ते हिरवं झालेलं बोट बाईंच्या समोर धरलं. "बाईसाहेब, कोंबड्या ठणठणीत हाईत. आजार भांड्याला झालाय. शेवटचं कधी घासलंवतं?" बाई जी गेली ती परत आली नाही. भांडं मात्र घासत असावी, कारण कोंबड्या पुढे बरीच वर्षं जगल्या असं ऐकलं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण हा माणूस माझ्या आईशी कसा वागला हे त्याशिवाय तुमच्या ध्यानात येणार नाही.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. वडिलांचं हुबळीच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. ते अचानक गेले. दुकान चुलत्यांनी चालवायला घेतलं आणि मी आईला घेऊन उणकलला दोन खोल्यांच्या घरात आले. मी हुबळीत मराठी शाळेत शिकवत असे, सकाळच्या बसनं जायची आणि संध्याकाळी यायची. मी लग्न केलेलं नव्हतं. त्यावर आईनं पूर्वी पुष्कळ डोकं खाल्लं होतं, पण वडील गेल्यावर तिनं तोही विषय सोडला. खरं तर तिनं बोलणंच सोडलं. वीस माणसांच्या घरात पहाटेपासून राबलेली बाई ती. इथं दोघींचा स्वयंपाक तासाभरात उरकायचा, आणि मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. उठायची ती फक्त सकाळी, अंगणात सडा घालायला. शेणाचं पाणी कालवून ती अंगणभर असं शिंपायची की धुळीचा एक कण उडू नये. त्यावर चार ठिपक्यांची रांगोळी. हे एक काम तिनं एकही दिवस चुकवलं नाही.

एके दिवशी शेजारणीनं खुडूक बसलेली कोंबडी आणि खाली ठेवायला अकरा अंडी आणून दिली. मला वाटलं, आई नाही म्हणेल. पण तिनं कोनाड्याशेजारी भिंतीवर गेरूचा एक ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी दुसरा. मी शाळेतून आले की आधी भिंत बघायची. एकविसाव्या ठिपक्याला नऊ पिल्लं निघाली, आणि त्या संध्याकाळी आई माझी वाट बघत दारात उभी होती. "नऊ गं, नऊ!" असं ती म्हणाली. किती महिन्यांनी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला मी. डोळ्यांत पाणी आलं ते मी पदरानं पुसलं.

तीन आठवडे बरे गेले. मग एक पिल्लू पंख लोंबवून कोपऱ्यात उभं राहिलं. अंग फुगवलेलं, डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी ते मेलं आणि आणखी दोन तशीच उभी राहिली. आईनं हळदीचं पाणी दिलं, लसूण ठेचून दिला, ताक पाजलं. आणि घाण झाली असेल म्हणून खुराडं रोज शेणानं सारवायला सुरुवात केली. सकाळी एकदा, दुपारी एकदा. वरून अंगणासारखा सडाही. जेवढी पिल्लं मरत तेवढं तिचं सारवण वाढत गेलं. चौथं पिल्लू गेलं त्या दिवशी ती ते हातात घेऊन बसली होती. "माझा हातच वाईट," ती म्हणाली. "ह्या हाताला काही जगत न्हाई."

पिल्लांचं मला तितकंसं नव्हतं, खरं सांगते. पण उरलेली पाच गेली की आई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार, आणि या वेळी उठणार नाही, ही भीती मला लागली होती. मी शाळेला दांडी मारली आणि दवाखान्यात जाऊन अण्णांना गाठलं. तोवर मी त्यांना फक्त ऐकून ओळखत होते.

ते आले. सायकल टेकवली, क्लिपा खिशात, उकिडवे बसले, काडी उपसली. काडीच्या टोकाला जे लागलं ते लाल होतं. त्यांनी ते मला दाखवलं. "रक्ती हगवण. डोळ्याला दिसत न्हाई असा जीव असतोय. हगण्यातनं भुईवर पडतोय, ओलीत पोसतोय, पिल्लू टोचतंय, की परत पोटात." मग त्यांनी तळहात खुराड्याच्या जमिनीवर टेकला. नुकतीच सारवलेली जमीन, ओलीगच्च. हाताला शेण आलं. ते माझ्याकडे बघायला लागले. मला सगळं कळलं. आईनं मायेनं जे रोज दोनदा केलं होतं, त्यानंच पिल्लं मेली होती.

आई समोरच उभी होती. कोपरापर्यंत हात शेणाचे. तिनं विचारलं नव्हतं तरी सांगितलं, "मी लई स्वच्छ ठेवते हो. पण माझ्या हाताला यश न्हाई. मालक गेले, आता ही."

आता हा माणूस फाडकन बोलणार, असं वाटून मी जीव मुठीत धरला. अण्णांनी हातातल्या काडीचे तुकडे केले. मग उठून कुंपणापर्यंत गेले, दूर कुठंतरी बघून परत आले.

"अव्वा, ही जमीन वाईट," ते म्हणाले. "तळ्याकाठची. उणकलच्या तळ्याची ओल खालनं वर येतीया. तुम्ही काय करणार? सारवून सारवून दमलासा बघा. पण ह्या जमिनीला शेण चालत न्हाई. हिला राख लागतीया."

तुम्ही उणकल पाहिलं असेल तर तुमच्या लक्षात आलं असेल. तळं आमच्या घरापासून चांगलं दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेवर, आणि तेही उतारावर. आम्ही चढावर, निव्वळ मुरमावर. कुदळ मारली तर ठिणगी उडावी अशी ती जमीन. मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

"राख?" आई म्हणाली.

"चुलीची. चाळून. त्यात मूठभर चुना. आधी हे सगळं खरवडून काढा आणि जाळा. वर भाताच्या गिरणीतलं तूस पसरा, चार बोटं. रोज काडीनं खालवर करा, उन्हात वाळवा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, म्हणजे पाय घालणार न्हाईत. दाणे भुईवर टाकू नका. हे काम कुणाच्याही हातचं न्हाई, अव्वा. ज्याला सारवायची सवय हाय त्यालाच जमतंय." मग हात झटकत म्हणाले, "हेदरबेड्री. नोडोण." भिऊ नका, बघू या. काही धीराचं बोलायचं असलं की ते कन्नडवर यायचे. 'अव्वा' म्हणजे आई, तेही त्यातलंच.

आई तेवढ्यात खराटा घेऊन कामाला लागली होती.

मी त्यांना सोडायला कुंपणापर्यंत गेले. म्हटलं, "अण्णा, तळ्याची ओल? वकिलांच्या बायकोला बोट दाखवलंत, आणि इथं..." ते क्लिपा लावत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, पिल्लाला औषध पाण्यातनं द्यायचं असतंय. नरड्यात ओतलं तर ते औषधानंच मरतंय."

त्यांनी सल्फाचं औषध दिलं होतं. तीन दिवस पाण्यातून द्यायचं, दोन दिवस थांबायचं, मग परत तीन दिवस. दुसऱ्या दिवशी आणखी एक पिल्लू गेलं. चार उरली. आईच्या तोंडाकडे बघवेना. अण्णा संध्याकाळी आले आणि या वेळी काडी न उचलता नुसतेच बसून राहिले, अर्धा तास. मी चहा करून आणला तरी बघेनात. मग एकदम म्हणाले, "बघा." चारही पिल्लं औषधाच्या भांड्यावरून चालत गेली आणि मोरीचं पाणी बाहेर जिथं साठायचं तिथं माना खाली घालून प्यायला लागली. औषध दोन दिवस जसंच्या तसं विटेवर होतं. दुसरं पाणी मिळू न देणं हे माझ्या जिम्म्याचं काम होतं. "शाळंत चाळीस पोरांवर लक्ष ठेवतासा, हितं चार सांभाळंनात व्हय?" असं म्हणून त्यांनी स्वतःच एक फरशी ओढून मोरीच्या तोंडावर टाकली. मला ते हक्कानं बोलले याचं मला बरंच वाटलं.

पाचव्या दिवशी काडीला लाल लागलं नाही. आईनं ते आधी पाहिलं होतं. अण्णा आले तेव्हा ती स्वतः काडी घेऊन उकिडवी बसली होती आणि तिनं ती त्यांच्यापुढे धरली, जशी शाळेतली मुलं गणित सोडवून पाटी पुढे करतात. "तोंड बघितलं न्हाई मी," ती म्हणाली. अण्णा हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर ते दर आठवड्याला येऊ लागले, कोंबड्या आजारी असोत की नसोत. आईला अडचण पडली ती त्यांना द्यायचं काय याची. अंडी ते घेत नसत. मग ती शेंगाची चटणी कुटून कागदात बांधून द्यायची. सडा ती घालायचीच, पण अंगणात. खुराड्याच्या चार हात अलीकडे तिचा हात थांबायचा, जणू तिथं आखून दिलंय. पलीकडे राख, तूस, सगळं खडखडीत कोरडं. ती आता बोलायची. शेजारणींना सांगायची, पावसाळ्यात तूस लवकर बदला, लहान पिल्लं मोठ्या कोंबड्यांत सोडू नका, दाटीवाटीनं कोंडू नका. कुणी विचारलंच का, तर म्हणायची, "आमच्याकडं तळ्याची ओल हाय." मला हसू यायचं आणि मी आत जायची.

एकदा मी अण्णांना शाळेत बोलावलं, मुलांना कोंबड्यांची माहिती द्यायला. त्यांनी फळ्यावर रंगीत खडूंनी ओळीनं चित्रं काढली. तपकिरीवर पांढरी टोपी, हे निरोगी. हिरवं, हे वाईट. लाल, हे फार वाईट. मुलं जीव ओतून वहीत उतरवून घेत होती, तेवढ्यात हेडमास्तर आले आणि फळ्याकडे बघत राहिले. "ही कसली फुलं?" त्यांनी विचारलं. एक मुलगी उभी राहिली आणि तिनं अगदी स्पष्ट शब्दांत कसली ते सांगितलं. पुढे वर्षभर माझ्याकडे विज्ञानाचा तास आला नाही.

अण्णा निवृत्त झाले आणि खानापूरकडे मुलीजवळ राहायला गेले. जाताना पुढच्या दारानं येऊन निरोप घेतील असं मला वाटलं होतं. पण ते नेहमीसारखेच मागून आले, खुराड्यापाशी बसले, काडीनं उलटून बघितलं, म्हणाले, "बरं हाय." आणि सायकल घेऊन गेले. आई बराच वेळ कुंपणाकडे बघत होती. मीही. आपण कुणाला 'राहा' म्हणू शकत नाही, आणि म्हणावंसं तर वाटतं. माझ्या तर जिभेवर आलं होतं ते.

मग वर्षातून एक पोस्टकार्ड यायचं, पावसाळ्याच्या आधी. मजकूर ठरलेला. 'तूस बदला. मोरीवर फरशी आहे का? अव्वांना नमस्कार.' आईला वाचता येत नव्हतं. मी वाचायची, ती म्हणायची, परत वाच. एवढ्याशा मजकुरात परत वाचण्यासारखं काय होतं? पण मी वाचायची.

एका वर्षी कार्ड आलं ते पावसाळा संपल्यावर. मी शाळेतून आले तेव्हा ते उंबऱ्याच्या बाहेर, दगडाखाली ठेवलेलं होतं. त्याचा एक कोपरा फाडलेला होता. असं कार्ड म्हणजे कुणी गेल्याची बातमी, ते घरात नेत नाहीत, हे आईला वाचता येत नसलं तरी ठाऊक होतं. मी ते बाहेरच वाचलं. अण्णांच्या मुलीनं लिहिलं होतं. आईनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. त्या रात्री दोघींनी जेवणाचं नुसतं नाव केलं.

सकाळी मी जागी झाले ती काहीतरी चुकतंय असं वाटून. सडा शिंपल्याचा आवाज आला नव्हता. बाहेर आले तर आई पायरीवर बसलेली. बादली पालथी. अंगणात कालची रांगोळी पुसट झालेली, आणि वर धूळ. ज्या घरचं माणूस जातं त्या घरापुढेच सडा-रांगोळी नसते, हे तुम्हाला सांगायला नको. वडील गेले तेव्हाच्या त्या दिवसांनंतर पहिल्यांदाच आमचं अंगण असं होतं.

मी तिच्याजवळ बसले. कोंबड्या तुसात पाय झाडत होत्या. त्यांच्याकडे बघत आई म्हणाली, "ह्या मुरमाला कुठली आली गं ओल?"

मी वळून तिच्याकडे बघितलं.

"मी काय खुळी हाय व्हय? त्यानं भुईला हात लावला आणि तुझ्याकडं बघितलं, तवाच कळलं मला. माझ्याच सारवणानं गेली पिल्लं. पण तो उठून पार कुंपणापर्यंत गेला की गं. परत येऊन म्हणतोय, तळ्याची ओल! एवढा फटकळ माणूस, आणि खोटं बोलायला किती लांब जाऊन आला. म्हटलं, एवढ्या लांबनं आणलंय, तर घ्यावं."

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"त्याला वाईट वाटलं असतं."

शेजारचं दार उघडलं, कुणीतरी बाहेर आलं, आमच्या अंगणाकडे बघून थबकलं आणि परत आत गेलं. माझ्या शाळेची बस निघून गेली. उन्हं पायरीवर आली तशी मी म्हटलं, "आई, उद्या घालू या ना सडा?"

"दहा दिवस न्हाई," आई म्हणाली. "त्याला ओल आवडायची न्हाई."